इंजिनियर झालेला पोरगा जातो कुठे?



भामरागडच्या बैठकीला आम्ही या खेपेला राजुरा-कोरपन्याकडच्या सात-आठ कापूस शेतकऱ्यांना सोबत घेऊन गेलो. बल्लारपूर, गोंडपिपरी करत आष्टीला वैनगंगा ओलांडली, आलापल्ली मागे पडली आणि दोन्ही बाजूंनी जंगल सुरू झाले. हेमलकसा गेले की पर्लकोटा नदी आणि पलीकडे भामरागड. नदीवरचा जुना पूल ठेंगणा. पावसाळ्यात नदी फुगली की तो पाण्याखाली जातो आणि गाव जगापासून तुटते. २०१९ च्या पावसाळ्यात तर पाणी गावात, दुकानांत, घरांत शिरले होते. उंच पुलाचे काम हाती घेतले गेले ते अगदी अलीकडे.

पुलाजवळ जीप थांबवून आम्ही खाली उतरलो. कोरपन्याकडचे एक भाऊ बराच वेळ पुलाकडे पाहत होते. मग म्हणाले, "माह्या पोरगा पुलाचंच शिकला. चार वर्सं. आता पुण्यात खोली करून राह्यते अन् पानिपताच्या सनावळ्या पाठ करते."

सगळे हसले. हसून झाल्यावर मात्र कोणी बोलेना. कारण जीपमधल्या आणखी दोघांच्या घरची गोष्ट तीच होती. संध्याकाळच्या बैठकीत धानाच्या, मोहाच्या भावाचा विषय संपला आणि पाच एकरवाल्या एका बापाने आम्हाला सरळ विचारले, "भाऊ, तुम्ही शेतीचं शिकलेले. सांगा, पोराला इंजिनियरिंगले टाकू का नको?" त्या प्रश्नाला तिथे दोन वाक्यांत उत्तर देता आले नाही. म्हणून हे लिहितो आहोत.

आधी पाहू, पदवी हातात पडल्यावर ही पोरे जातात कुठे. ज्याचे नशीब बरे, तो पुण्या-बंगळुरूच्या संगणक कंपनीत जातो. मग तो मेकॅनिकलचा असो की सिव्हिलचा, काम एकच. काहीजण चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात, कोळसा खाणीत, सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली लागतात. उरलेले स्पर्धा परीक्षेला बसतात. राज्यसेवा नाही जमली तर बँक, बँक नाही तर पोलीस भरती. २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ जागा निघाल्या आणि अर्ज आले दहा लाखांवर. सातबारा लिहायच्या त्या नोकरीसाठी रांगेत इंजिनियरही उभे होते. आणि जो सगळीकडून परततो, तो घरी येऊन खाटेवर मोबाईल घेऊन पडतो. डवरा हाती धरायची त्याला लाज वाटते आणि बापाला तो धरायला लावायची त्याहून जास्त लाज वाटते. गाव म्हणते, पोरगा शिकून वाया गेला. सोयरिकीला आलेला पाहुणा नोकरी विचारतो, चहा पिऊन निघून जातो.

पोरगा वाया गेला हे आम्हाला मान्य नाही. तो ज्या कामासाठी घडवला गेला, त्या कामाच्या दारात जाऊन उभा राहिला. ते दार आपल्या गावात नव्हते, एवढेच. थोडा इतिहास पाहिला की हे ध्यानात येते.

१८५४ साली पुण्यात इंजिनियरिंगचा पहिला वर्ग निघाला. कशासाठी? इंग्रज सरकारच्या बांधकाम खात्याला रस्ते आणि पूल बांधायला हाताखालची माणसे हवी होती म्हणून. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. कशासाठी? तिथल्या कापड गिरण्यांना तंत्र जाणणारी माणसे हवी होती म्हणून. गिरण्या चालत होत्या आपल्यासारख्यांच्या कापसावर, पण शाळा निघाली गिरणीमालकाच्या गरजेची. कापूस पिकवणाऱ्याला काय हवे, हे तिथे कोणी विचारले नाही. मग १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याआधी पैसेवाल्यांची पोरे देणगी भरून कर्नाटकात जात, ती इथेच राहू लागली. तालुक्या-तालुक्यात कॉलेजे निघाली आणि शेतकऱ्याच्या पोराला दार उघडले, हे चांगलेच झाले. पण त्या दारातून बाहेर पडणारी वाट पुढे संगणक कंपन्यांकडे गेली. खाते झाले, गिरणी झाली, कंपनी झाली. प्रत्येकाने आपला प्रश्न घेऊन कॉलेजच्या दारात पाय ठेवला. कोरडवाहू शेतकरी मात्र तिथे फक्त फी भरायला गेला.

आम्ही स्वतः काही वेगळे नाही. आम्ही शेतीचे पदवीधर. शेवटच्या वर्षी कार्यानुभव म्हणून आम्हाला गावात राहायला पाठवले होते. माती तपासा, बीजप्रक्रिया दाखवा, शेतकऱ्याच्या बांधावर जा. तरी आमच्या वर्गातले बहुतेक बँकेत, बियाण्याच्या आणि औषधांच्या कंपन्यांत किंवा सरकारी खात्यात गेले. शेती करायला परतलेले एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. ज्यांना शेतीच शिकवली ते शेतीत राहिले नाहीत, मग ज्याला शेतीचे नावही शिकवले नाही, त्या इंजिनियरकडून कसली अपेक्षा करायची?

आता परत भामरागडकडे येऊ. पुलाच्या अलीकडेच हेमलकसा आहे. तिथे १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले, दवाखाना उभा झाला आणि १९७६ साली शाळा निघाली. त्या शाळेतली माडिया मुले डॉक्टर झाली, मास्तर झाली आणि त्यांतली काही याच जिल्ह्यात कामाला परत आली. ती का आली? माया होती, हे खरे. पण नुसत्या मायेने पोट भरत नाही. डॉक्टरसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राची खुर्ची होती, मास्तरसाठी जिल्हा परिषदेची शाळा होती. खुर्ची होती, पगार होता, म्हणून परत येता आले.

इंजिनियरसाठी आपल्या तालुक्यात अशी किती जागा आहे? बांधकाम खात्याचा शाखा अभियंता, पाटबंधाऱ्याचा एखादा, वीज कंपनीचा एखादा. बाकी ठेकेदाराची साईट. शेजारच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडची लोहखनिजाची खाण २०१६ च्या जाळपोळीनंतर थांबली होती, ती २०२१ पासून पुन्हा चालू झाली. तिथे आणि आष्टीजवळच्या कोनसरीच्या कारखान्यात काही पोरे लागतील. लागोत बापडी. पण तेही लोखंडाचेच काम. धान, मोह, कापूस, ज्वारी यांच्यासाठी इंजिनियर ठेवणारा मालक या दोन्ही जिल्ह्यांत आम्हाला दिसत नाही.

यावर काही सज्जन म्हणतात, तरुणांनी त्याग करावा, खेड्यात यावे. याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ साली 'निर्माण' सुरू केले. त्यातून डॉक्टर आले, इंजिनियरही आले आणि मोठ्या पगाराची वाट सोडून कामाला लागले. अशा पोरांना आमचा हात जोडून नमस्कार आहे. पण हजारात एकाच्या त्यागावर तालुका चालत नाही. शेतकऱ्याने आजवर पुष्कळ त्याग केला, अन्न स्वस्त खाऊ घातले, कापूस स्वस्त नेसवला. आता त्याच्या पोराकडेही त्यागच मागायचा का? आमचे म्हणणे साधे आहे. इंजिनियरला त्यागासाठी बोलावू नका. त्याला काम द्या आणि कामाचे दाम द्या.

इंजिनियरने गावाचा प्रश्न हाती घेतला तर काय होते, याचा दाखला आपल्या राज्यातच आहे. विलासराव साळुंखे हे पुण्यातले इंजिनियर, कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडताना त्यांनी पाहिले आणि १९७४ पासून पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीचे काम सुरू केले. माथ्यावरचे पाणी अडवणे, ते उचलून शेताला देणे हे तर इंजिनियरचेच काम. त्यांची खरी कमाल पुढे आहे. पाणी जमिनीच्या एकरावर न वाटता घरातल्या माणसांच्या डोक्यावर वाटायचे, भूमिहीनालाही हिस्सा द्यायचा आणि ऊस लावायचा नाही. मोटर आणि पाईप कोणीही बसवील. पाणी कोणाचे, हे ठरवायला गावाबरोबर बसावे लागले.

दुसरा दाखला आपल्या अकोल्याचा. कपाशीत तुरीची ओळ आपण सारेच घालतो. तूर बाजारात विकतो आणि डाळ दुकानातून विकत आणतो, मधला फरक दुसराच खातो. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या कृषी अभियंत्यांनी छोटी डाळ गिरणी केली, 'पीकेव्ही मिनी डाळ मिल'. बचत गटाच्या बायाही ती चालवतात. एखाद्या गावात ती बसली की चालवणारा लागतो, दुरुस्त करणारा लागतो, सुटे भाग ठेवणारा लागतो. पोराला परत यायला जागा होते ती अशी.

आणि जिथे हे झाले नाही ते पाहा. अमेरिकेत कापूस वेचणारे यंत्र १९४० च्या दशकात बाजारात आले आणि १९६० चे दशक संपेपर्यंत तिथला जवळजवळ सगळा कापूस यंत्राने निघू लागला. आपण सीतादही करून पहिला वेचा काढतो तो फरदडीपर्यंत हातानेच. ते यंत्र जसेच्या तसे इथे चालणार नाही, हे आम्ही शेतीच्या अभ्यासाने सांगतो. त्यांचे झाड बुटके, दाट पेरलेले, पाने गाळून एकदाच तोडायचे. आपली पऱ्हाटी तीन-चार वेचे देते आणि शेत चार एकराचे. शिवाय वेचणीच्या मजुरीवर किती बायांची चूल पेटते, तेही पाहायला हवे. म्हणून यंत्र असे हवे की बाईची पाठ वाचेल आणि तिची मजुरीही बुडणार नाही. हा प्रश्न अमेरिकेतला इंजिनियर सोडवणार नाही. तो ज्याच्या आईने कापूस वेचला, त्याच पोराने सोडवायचा आहे. पण त्याला चार वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

ज्वारीचेही तेच. आपला हडंबा बनवला तो तालुक्याच्या गावच्या वेल्डिंगवाल्याने. थोडी ज्वारी असेल तर तो दारात यायला राजी नसतो. रानडुकराच्या धाकाने आणि कापणीच्या मजुरीने ज्वारीचा पेरा घटला, जनावरांचा कडबा गेला. इंजिनियर मात्र आपल्याच घरात बसून पोलीस भरतीचा फॉर्म भरतो आहे.

गावात अशी जागा आजवर का झाली नाही? शेतमालात पैसा उरला नाही म्हणून. १९७२ पासून जवळजवळ तीस वर्षे एकाधिकार खरेदीने आपला कापूस बांधून ठेवला. सरकी, रुई, गाठी यांचा धंदा स्वतः करायची मोकळीक शेतकऱ्याला नव्हती. आज ती आहे. २००२ च्या कायद्याने शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनीही काढता येते. आता सबब चालणार नाही.

तेव्हा त्या पाच एकरवाल्या भावाला आमचे उत्तर असे.

पोराला शिकवा, पण जमीन विकून नाही. समजा, फी, खोली, खानावळ धरून चार वर्षांचा खर्च सहा लाख झाला. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे ७४ क्विंटल कापूस झाला. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले तरी पाच एकरवाल्याची तीन वर्षांची सगळी वेचणी, बियाणे, खत, मजुरी वजा न करता. हा हिशेब पोराला समोर बसवून करा. तोही चार वर्षे गणितच शिकणार आहे. सरकारी कॉलेज मिळते का पाहा, शिष्यवृत्ती सोडू नका. पोरगी हुशार असेल तर तिला आधी पाठवा. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मागास, इतर मागास आणि आर्थिक दुर्बल घरातल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्य सरकार भरते. 'पोरगी इंजिनियर होऊन काय करणार' असे म्हणणाऱ्याला विचारा, पोरगा होऊन काय करतो आहे?

पोरांना आमचे सांगणे. परीक्षा द्या, पण वर्षांची मर्यादा घालून द्या. बापाच्या कापसावर खोलीभाडे किती हंगाम चालेल, हे तुम्हीच ठरवा. आणि घरी आलात तर लाजू नका. मोटरपंप जळतो का, झटका मशीनची बॅटरी टिकत का नाही, पऱ्हाटी जाळण्याऐवजी तिचे काय करता येईल, हे पाहणे म्हणजे इंजिनियरिंगच.

आणि शेवटचे सांगणे आपल्याला, बैठकीला. २०१६ साली राज्य सरकारने उन्नत महाराष्ट्र अभियान काढले. कॉलेजांनी आपल्या भागातले प्रश्न अभ्यासाला घ्यावेत, अशी त्यात सोय आहे. ती कागदावर राहू द्यायची की नाही, हे आपल्या हाती आहे. येत्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने पाच प्रश्न लिहून आणावेत. वेचणी, मळणी, डुक्कर, पंप, नाल्यावरची फरशी, जे टोचते ते लिहा. ते घेऊन आपण चंद्रपूरच्या इंजिनियरिंग कॉलेजात जाऊ आणि म्हणू, शेवटच्या वर्षाच्या पोरांना प्रकल्प म्हणून हे द्या. शेत आम्ही देतो, पोरांची भाकर-भाजी आम्ही करतो. चाललेले यंत्र आपल्या उत्पादक कंपनीने विकत घ्यायचे आणि ते करणाऱ्याला महिन्याचा पगार द्यायचा. फुकट काम मागायचे नाही. आपल्या घामाला दाम मागणाऱ्यांनी दुसऱ्याच्या घामाला दाम द्यायलाच हवे.

परतताना पर्लकोटाच्या पुलावर कोरपन्याच्या त्या भावांनी पोराला फोन लावला. काय बोलले ते नदीच्या आवाजात नीट ऐकू आले नाही. एवढेच ऐकू आले, "दिवाळीले येशीन तं दोन दिस ज्यादा काढून ये. इकडचा एक पूल दाखवाचा हाय तुले."