नाते कशाने ठरते?

महाडहून रायगडाकडे जाताना नाते नावाचे गाव लागते. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म इथला, १८९६ चा. शिक्षण केंब्रिजला, नोकरी मध्य प्रांतात, मग रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि दिल्लीत अर्थमंत्री. हा माणूस महाराष्ट्राचा किती, असे कोणी विचारलेही असेल. मुंबई महाराष्ट्राला नाकारली जातेय म्हटल्यावर १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे विचारायला काही उरले नाही.

कोकणी मुसलमानाला मात्र 'तुम्ही मूळचे कुठले?' हे अजून ऐकावे लागते. घरात कोकणी बोली, शेतात भात, कब्रस्तानात पणजोबा, तरीही. मग तो सातबारा काढून दाखवतो. पण कागदाने मालकी सिद्ध होते, आपलेपणा नाही. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. अस्पृश्यांना पाणी काही मिळाले नाही.

२० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यानंतर जमावाने परिषदेच्या लोकांवर हल्ला केला. मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला नसता तर पुष्कळ जण मारले गेले असते, असे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. तेव्हा रमजान मध्यावर आला होता. दार उघडणारे हात रोजेदारांचे असणार. डिसेंबरच्या परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा ती फत्तेखान यांनी दिली.

हे अभिमानाने सांगितले जाते, सांगावेच. पण ती अर्धी गोष्ट झाली. त्याच तळ्यावर मुसलमान आधीपासून बिनदिक्कत पाणी भरत होते. त्यांनाही तळे सर्वांचेच वाटत असणार. आपला हंडा भरला की दुसऱ्याचा रिकामा हंडा सहसा दिसत नाही. रोजेदाराची तहान मगरिबच्या अजानला संपते. अस्पृश्यांच्या तहानेला अशी वेळ ठरलेली नव्हती. कोर्टाचा निकालच १९३७ मध्ये लागला.

आज इफ्तारला पुढारी, अधिकारी येतात, फोटो छापून येतात. येऊ देत. पण एवढा पाऊस पडणाऱ्या महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या कित्येक वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. जकातीचे नियम वेगळे. सदक्याला मात्र धर्माची अट नाही, आणि पाणी पाजणे हा तर उत्तम सदका. एखाद्या जमातीने यंदाच्या इफ्तार पार्टीचा खर्च अशा एका वाडीच्या टँकरवर करायला हरकत नाही.