वीस मिलिग्रॅमचा प्रश्न

अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग २०१५ साली मेंदूपर्यंत पोहोचला, तेव्हा त्यांनी नव्वदी गाठली होती. किरणोपचार आणि प्रतिकारशक्तीला चेतविणारे नवे औषध यांनंतर त्याच डिसेंबरात मेंदूतील गाठी दिसेनाशा झाल्या आणि कार्टर शंभरी पूर्ण करून २०२४ मध्ये निवर्तले. या वार्तेने आशेबरोबर एक गैरसमजही पेरला.

कर्करोग शरीराच्या रक्षक पेशींना लगाम घालतो. ही औषधे तो लगाम काढतात. पुढे घोडा कोठे धावेल, हे मात्र तज्ज्ञांनाही नेमके सांगता येत नाही. एकाची गाठ विरते, दुसऱ्याची तसूभर हलत नाही. क्वचित ती आधी फुगते व मग ओसरते. मेलानोमाच्या काही रुग्णांच्या अंगावर पांढरे डाग उमटतात. ज्या कोडापायी आपल्याकडे ठरलेली लग्ने मोडतात, तेच येथे औषध लागू पडत असल्याचे सुचिन्ह मानले जाते! उलट, मोकाट सुटलेल्या रक्षक पेशी कधी आतड्यांवर वा फुप्फुसांवरच उलटतात.

फळ असे अनिश्चित. खर्च मात्र निश्चित, आणि पूर्ण मात्रेत तो लाखांच्या घरात जाणारा. मलकापूरच्या एखाद्या शिक्षकाने भविष्य निर्वाह निधी मोडून हा डाव खेळावा काय?

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी या संदर्भात मोलाची आहे. तीतील १५१ रुग्णांचा रोग त्वचेचा नव्हता. तो डोके व मान या भागांतील, म्हणजे तंबाखूच्या या मुलखाला फार परिचित असलेला कर्करोग होता. एका गटाला स्वस्त औषधे देण्यात आली. दुसऱ्याला त्यांच्या जोडीला निव्होलुमॅब दिले, तेही तीन आठवड्यांतून अवघे २० मिलिग्रॅम, प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. वर्षाअखेर हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के, तर दुसऱ्यात ४३.४ टक्के आढळले. रक्षक पेशींवरील पकडीच्या जागा थोड्या औषधानेच भरत असतील, तर घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम येथेही लागू व्हावा, यात नवल नाही.

अर्थात, या चाचणीत अल्प मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी झालेली नाही, हे विसरून चालणार नाही. पण ती तुलना करणार कोण? आपला माल कमी खपावा म्हणून कोणती कंपनी पदरचे पैसे घालील? हे काम सरकारी तिजोरीतूनच व्हावयास हवे, आणि ते मेलानोमासह अन्य कर्करोगांतही. त्यात जिल्ह्याजिल्ह्यांतील रुग्णालये सामील करून घेतली, तर मलकापूरच्या रुग्णाला दर तीन आठवड्यांनी रात्रीच्या एस. टी.ने परळ गाठावे लागणार नाही.