कांदेनवमी आणि क्रियेचा वेग

आषाढ शुद्ध नवमी आली कीं चाकणच्या बाजारांतला कांदा घरोघर येतो, आणि तो चिरणाऱ्या गृहिणींच्या डोळ्यांस धारा लागतात. अखंड कांदा मात्र कोणास रडवीत नाहीं. त्याच्या पेशींत गंधकयुक्त द्रव्य एका कप्प्यांत, तर त्याचें विघटन करणारें ‘विकर’ दुसऱ्या कप्प्यांत असतें. विळी लागतांच तीं एकत्र येऊन क्षणार्धांत झोंबणारी वाफ उत्पन्न होते. विळी बोथट असली तर पेशी अधिक चिरडतात.

स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियस यांनीं इ. स. १८८९ मध्यें क्रियावेग व उष्णतामान यांचा संबंध सूत्रांत बांधला. दहा अंशांनीं उष्णतामान वाढल्यास पुष्कळ क्रियांचा वेग सुमारें दुप्पट होतो, हें विद्यार्थी घोकतात. मग उकडलेला कांदा कां झोंबत नाहीं, असें आम्ही विचारलें कीं ते गप्प! अति उष्णतेनें विकरच निकामी होतें. मग क्रिया घडविणार कोण? नियमासवें त्याची मर्यादाही शिकविली पाहिजे.

थंडीनें ही क्रिया मंदावते. म्हणून कांदे अर्धा तास शीतकपाटांत ठेवावे, विळीस धार लावावी आणि सूनबाईंच्या मदतीस घरांतील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस बसवावें.