पगाराचं बोला, लाजता कशाला?

गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या घरात नुकत्याच इंजिनिअर झालेल्या पोराला दोन ऑफर आल्या, की पेढ्यांच्या मागोमाग उपदेश येतो. 'मिळतेय ना, मग गुमान घे. पगाराचं बोलायला जाशील आणि हातची घालवशील.' उपदेश प्रेमापोटी असतो. तो चुकीचा आहे, एवढंच.

पहिला आक्षेप, हातची जाईल हा. कॅम्पसमधून शेकड्यांनी भरती करणाऱ्या मोठ्या कंपन्यांत फ्रेशरचा पगार आधीच ठरलेला असतो आणि एकट्यासाठी तो सहसा हलत नाही, हे मान्य. पण मग फार तर 'नाही' असं उत्तर येईल. नीट शब्दांत विचारलेल्या प्रश्नावर चिडून ऑफर काढून घेणारी कंपनी विरळा, आणि तशी निघालीच तर तिथे न गेलेलंच बरं. उलट, गप्प बसल्याने ऑफर सुरक्षित राहते हा भ्रम आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर घेऊन रुजू होण्याची वाट पाहणाऱ्या फ्रेशरांना साडेतीन लाखांवर येता का, असं विचारलं. त्या पोरांनी कुठे घासाघीस केली होती?

दुसरा आक्षेप, एकाची ऑफर दुसऱ्याला सांगणं ही बेइमानी. कंपनी एका जागेसाठी दहा जणांच्या मुलाखती घेते, त्याला निवड म्हणतात; पोराने दोन कंपन्या तोलल्या की ती बेइमानी कशी? बेइमानी वेगळीच असते. नसलेली ऑफर आहे म्हणून सांगणं ही बेइमानी. एकीकडे होकार कळवून रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद ठेवणं हीसुद्धा. इथे वडीलधाऱ्यांचं बरोबर आहे: शब्द दिला की पाळायचा. म्हणून तर बोलायचं ते शब्द देण्याआधी.

तिसरा आक्षेप संस्कारांचा. आपल्यात असं तोंड वर करून मागत नाहीत म्हणे! अहो, हा धानाचा जिल्हा आहे. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव साधारण धानाला 2,369 रुपये क्विंटल, हे शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. ओलावा 17 टक्क्यांच्या आत आहे की नाही, यावर तो खरेदी केंद्रात वाद घालतो. चाळीस किलोच्या कट्ट्यामागे जादा धान मापून घेतलं तर गाव बोंब मारतं. चुकारे रखडले, बोनस अडला तर मोर्चा निघतो. तोच बाप पोराचं ऑफर लेटर न वाचता देवापुढे ठेवतो. धानाचं माप मोजणं हा व्यवहार, आणि पोराच्या श्रमाचं माप मोजणं हा उद्धटपणा?

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळू. त्यांना फक्त 'पॅकेज' कळतं. समजा, पुण्यात 3.60 लाख आणि नागपुरात मिहानमध्ये 3 लाख अशा दोन ऑफर आहेत. महिन्याला पाच हजारांचा फरक, पुणंच बरं, असं कुणीही म्हणेल. पण कागद उलगडा. पुण्याच्या 30,000 पैकी 2,500 व्हेरिएबल, म्हणजे कंपनीची मर्जी असेल तेव्हा. मूळ वेतन 15,000 धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि ग्रॅच्युइटीचे 722 याच आकड्यात धरलेले. मग पोराचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200. हाती उरतात सुमारे 23,000. नागपूरच्या 25,000 मध्ये व्हेरिएबल नाही आणि मूळ वेतन निम्मं असेल, तर हाती 21,200 येतात. पाच हजारांचा फरक अठराशेवर आला. पीएफ आपलाच असतो, तो कुठे जात नाही. पण त्यातून खोलीचं भाडं देता येत नाही. शिवाय नागपूरहून शनिवारी संध्याकाळी घरी येता येतं. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने यायचं म्हणजे जवळजवळ एक दिवस गाडीत.

मग मागायचं काय? आकडा हलत नसेल तर व्हेरिएबलचा वाटा कमी करायला सांगा. रुजू होण्याची तारीख लेखी मागा. पहिल्या महिन्याच्या राहण्याचा खर्च मिळतो का, पोस्टिंग कुठे, हे विचारा. आणि बॉण्ड वाचा. 'तो नुसता कागद असतो' असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. तो निकाल सरकारी बँकेचा होता, प्रत्येक खासगी बॉण्डला तो जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण सही केलेला कागद कोर्टात टिकू शकतो, हे त्यातून कळतं. बॉण्डची मुदत कमी करून घ्यायची वेळ सहीच्या आधीची.

बोलायला धाडस लागत नाही, चार ओळींचा ई-मेल पुरतो: 'आपल्याकडे काम करायला मला आवडेल. दुसऱ्या कंपनीची इतक्या रकमेची लेखी ऑफर माझ्याकडे आहे. आपल्या ऑफरमध्ये काही वाढ, किंवा व्हेरिएबलऐवजी ठरलेली रक्कम शक्य आहे का? शुक्रवारपर्यंत कळवल्यास त्यानुसार निर्णय घेईन.' यात उद्धट शब्द दाखवा.

मुलाखतीला टाय कसा बांधावा हे कॉलेजं शिकवतात. त्यांनी एक तास ऑफर लेटर वाचायलाही द्यावा. आणि आई-वडिलांनी पेढे जरूर वाटावेत, पण त्याआधी पोराशेजारी बसून तो कागद ओळ न ओळ वाचावा आणि त्याला म्हणावं, 'विचार, लाजू नको.'