इंग्रजी उच्चारांची यांत्रिक परीक्षा

मुलांच्या इंग्रजी संभाषणाचे गुण शिक्षकांनीं न देतां संगणकाकडून घ्यावे, अशी सूचना पालकवर्गापैकीं कित्येकांनीं आम्हांस केली आहे. शिक्षक एखाद्यास झुकतें माप देईल, यंत्रास मात्र आपपरभाव नाहीं, असें त्यांचें म्हणणें. या सूचनेमागील न्यायबुद्धीविषयीं आम्हांस आदर आहे. तथापि ती जशीच्या तशी मान्य करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. त्याचीं कारणें सांगणें आमचें कर्तव्य होय.

प्रथम यंत्राचा उपयोग सांगूं. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठांतील पॉल बुर्स्मा व डेव्हिड वेनिंक यांनीं तयार केलेलें ‘प्रात’ नांवाचें सॉफ्टवेअर कोणासही विनामूल्य मिळतें. त्यांत आपला आवाज भरला म्हणजे त्याचें चित्र पडद्यावर उमटतें; स्वर किती लांबला, आवाज कोठें चढला, हें डोळ्यांनीं दिसतें. ‘पिन’ हा इंग्रजी शब्द घ्या. आमचीं मुलें त्यांतील पहिलें व्यंजन ‘पिंपळ’ शब्दांतल्या प-सारखें उच्चारितात. इंग्रज मनुष्य तेथें ओठ उघडतांच श्वासाचा झोत सोडतो व मग स्वर सुरू करितो. १९६४ सालीं लिस्कर व एब्रॅमसन या अमेरिकन संशोधकांनीं ११ भाषांतील अशा व्यंजनांचीं मोजमापें प्रसिद्ध केलीं; त्यांत आपली मराठीही होती. इंग्रजी प-मध्यें हें अंतर सरासरीनें सेकंदाच्या ५८ सहस्रांशांइतकें भरलें. मराठी प-मध्यें तें फारच थोडें. म्हणूनच आपला ‘पिन’ इंग्रजी कानास ‘बिन’ वाटण्याचा संभव असतो. जो भेद आम्ही वर्षानुवर्षें तोंडानें सांगत आलों, तो मुलांस पडद्यावर क्षणांत कळतो.

परंतु चित्र दाखविणें निराळें व गुण देणें निराळें. गुण देणारें यंत्र ज्या लोकांच्या आवाजांवर तयार झालें, त्यांच्याशींच तें मुलाचा आवाज ताडून पाहतें. २०२० सालीं अमेरिकेंत ५ मोठ्या कंपन्यांच्या, बोललेलें लिहून घेणाऱ्या प्रणाली तपासल्या गेल्या. गोऱ्या अमेरिकनांच्या दर १०० शब्दांमागें सरासरी १९ चुका झाल्या, तर कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ३५. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, त्यांची ही गत. मग आमच्या मुलांनीं निःपक्षपाताची खात्री कशी बाळगावी?

गतवर्षीं आमच्या एका विद्यार्थिनीनें घरीं मोबाइलवरील अशाच एका परीक्षकापुढें वाचन केलें. तिला तीनदां हलके गुण मिळाले. कोणता वर्ण चुकला, तो कसा सुधारावा, हें कांहींच कळलें नाहीं. जिचें वाचन वर्गांतील शेवटच्या बाकावरही स्पष्ट समजे, ती मुलगी पुढें कित्येक आठवडे वाचावयास उभी राहीना. “सर, मला इंग्रजी येत नाहीं,” एवढेंच ती म्हणे. तिचा उच्चार मराठी वळणाचा होता, हें खरें. पण तो दुर्बोध नव्हता. या दोन गोष्टी एक नव्हेत, हें कॅनडांतील मन्रो व डर्विंग यांनीं १९९५ सालीं दाखवून दिलें आहे. परकी ढब पुष्कळ असलेलें बोलणेंही ऐकणारांस पुरतें समजूं शकतें, असें त्यांस आढळलें.

यास्तव आमचें मत असें कीं, यंत्र सरावाच्या तासास असावें, प्रगतिपुस्तकांत नसावें. मुलांनीं आपला आवाज भरावा, चित्र पाहावें, पुन्हां म्हणावें. तोंडी परीक्षा मात्र दोन शिक्षकांनीं घ्यावी व त्यांतील एक त्या वर्गास न शिकविणारा असावा. म्हणजे पालकांस वाटणारी पक्षपाताची भीतिही कमी होईल. दोघांनींही मुख्यतः एकच प्रश्न विचारावा: मुलाचें बोलणें समजलें काय?

पालकांस आमची विनंती अशी कीं, मुलास किती गुण पडले हें विचारण्यापूर्वीं रोज दहा मिनिटें त्याचें वाचन ऐकावें. आणि विद्यार्थिमित्रांनो, आरशांत पाहून केंस अवश्य विंचरा. परंतु आपली योग्यता आरशास ठरवूं देऊं नका.