तीनशे रुपयांत नाताळची जत्रा

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. कुठला उकार पहिला आणि कुठला दुसरा, हे मला अजूनही रूममेटला विचारावं लागतं. तेव्हा शुद्धलेखनाची जबाबदारी संपादक मंडळाची. मतं मात्र माझी स्वतःची आहेत आणि ती कुणाला पटली नाहीत, तर भांडायला मी बी-विंगच्या दुसऱ्या मजल्यावर सापडेन.

विषय आहे नाताळच्या जत्रेचा. डिसेंबरात पुण्याच्या कॅम्प भागात एका चर्चच्या आवारात रविवारी हस्तकलेची छोटी जत्रा भरते. मोठं प्रदर्शन वगैरे काही नाही. चाळीसेक टेबलं, त्यावर पांढऱ्या चादरी, वर लटकवलेले कागदी तारे, एका कोपऱ्यात गोठ्याचा देखावा आणि एका बाजूला गिटार घेऊन कॅरोल म्हणणारी पोरं. लोकरीच्या टोप्या, क्विलिंगची ग्रीटिंग्ज, मेणबत्त्या, कापडी बाहुल्या आणि खायला केक, कुलकुल, रोज कुकी. विकणाऱ्या बहुतेक बायकाच, आणि बहुतेकींनी वस्तू स्वतःच घरी केलेली.

आता तुम्ही म्हणाल, सबमिशन चालू आहे, ओरल डोक्यावर आहे, मेसचं बिल भरायचंय आणि या बाईला जत्रा सुचतेय! पण मित्रमैत्रिणींनो, ऐका तर. गेल्या वर्षी मी या जत्रेत एक पराक्रम केला. तो आधी सांगते.

आम्ही चौघी गेलो होतो. एका टेबलावर एक वयस्कर आंटी क्रोशाचे तारे विकत होत्या. पांढऱ्या दोऱ्याचे, खळ घालून कडक केलेले, तळहाताएवढे. एकाची किंमत १२० रुपये. मला तीन हवे होते. म्हणजे ३६०. मी सुरू केलं, "आंटी, स्टुडंट आहोत, होस्टेलला राहतो, दोनशेला तीन द्या ना." त्या म्हणाल्या, "बेटा, तीनशे दे, त्याच्याखाली नाही जमत." मी जुनं शस्त्र काढलं. पाठ फिरवून चालायला लागले. चार पावलं... पाच पावलं... आणि मागून हाक आली. दोनशेला तीन! रिक्षात मैत्रिणींनी माझा सत्कारच केला. "तू मार्केटिंगला जा गं, मेकॅनिकलमध्ये काय करतेस?"

सुट्टीत घरी गेले, सांगलीला. मोठ्या ऐटीत तारे आईपुढे ठेवले. आईची एक सवय आहे. कुठलीही शिवलेली-विणलेली वस्तू हातात आली की ती आधी उलटी करून मागची बाजू बघते. तिनं तारा उलटा केला, टाके बघितले, गाठी कुठे लपवल्यात ते बघितलं आणि म्हणाली, "स्वच्छ काम आहे. एकाला दोन तास तरी गेले असतील. केवढ्याला घेतलास?" मी अभिमानानं आकडा सांगितला. आई काही रागावली नाही. फक्त एवढंच म्हणाली, "त्या बाईंना परवडलं का गं?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझी आई साड्यांना पिको-फॉल करते. मी शाळेत असल्यापासून. माझ्या कॉन्व्हेंटच्या फीमधला बराचसा भाग त्या मशिनच्या पायाखालून आलेला आहे. बाहेरच्या खोलीत बायका यायच्या, "ताई, नेहमीचं गिऱ्हाईक आहे मी, दहा रुपये कमी करा," म्हणायच्या आणि आतल्या खोलीत मी इंग्लिश कविता पाठ करता करता मनातल्या मनात त्यांच्यावर चिडायचे. हातात चांगली पर्स, अंगावर दोन-अडीच हजारांची साडी आणि दहा रुपयांसाठी दारात उभ्या! आई बहुतेक वेळा दहा सोडायची. गिऱ्हाईक तुटायला नको म्हणून. आणि त्याच आईची मुलगी मी, चर्चच्या आवारात पाच पावलं चालून आले होते.

परत आल्यावर हिशेब मांडला. शेवटी आपण इंजिनिअर, रडण्याआधी कॅल्क्युलेशन करतो. तीन तारे, सहा तास. दोरा, खळ, तार यांचे ३० रुपये धरू. दोनशेतून तीस गेले, राहिले १७०. भागिले सहा. ताशी २८ रुपये! मी पूर्ण ३६० दिले असते, तरी ताशी ५५ पडले असते आणि त्यात टेबलाचं भाडं, येण्या-जाण्याचं भाडं धरलेलंच नाही. वर्गात आपल्याला शिकवतात की प्राइम कॉस्ट म्हणजे डायरेक्ट मटेरियल, डायरेक्ट लेबर आणि डायरेक्ट एक्स्पेन्सेस. पेपरात हे लिहून मार्क मिळवतो आणि बाहेर पडल्यावर लेबरचा रकाना पुसून टाकतो. त्याच संध्याकाळी आम्ही चौघींनी प्रत्येकी ९० रुपयांची कोल्ड कॉफी प्यायली होती. तिथे काउंटरवर कुणी पाठ फिरवून पाच पावलं चाललं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे : खिशात पैसे कमी असले तर वस्तू कमी घ्याव्यात, करणाऱ्याची मजुरी कमी करू नये. आणि कमी पैशांत जत्रेची मजा कमी होते, हा तर शुद्ध गैरसमज आहे.

ही स्वस्ताईची गोष्ट आजची नाही. नाताळच्या बाजारांचं माहेर जर्मनी. ड्रेस्डेन शहरातला बाजार १४३४ पासूनचा, आणि तो आजही भरतो. त्या भागाच्या डोंगरात पूर्वी खाणी होत्या. खनिज कमी होत गेलं तसे खाणकामगार लाकडाची खेळणी करायला लागले. झायफेन नावाच्या गावात त्यांनी लेथवर एक भन्नाट युक्ती काढली. लाकडाचं मोठं कडं असं कातायचं की त्याचा क्रॉस सेक्शन म्हणजे घोड्याची किंवा गायीची आकृती. मग केक कापतात तसे त्या कड्याचे काप काढायचे. प्रत्येक काप म्हणजे एक जनावर! आपल्या वर्कशॉपमध्ये जॉब करताना चार वेळा डायमीटर चुकवणाऱ्या माझ्यासारखीनं याला नुसता हात जोडावा. पण या युक्तीमागे हौसेपेक्षा गरज जास्त होती. कमी वेळात जास्त नग निघाले तरच पोट भरणार. पुढे घरातली लहान मुलंसुद्धा रंगवायला, चिकटवायला बसायची. ड्रेस्डेनच्या त्या बाजारात गरीब घरांतली मुलं थंडीत उभी राहून सुक्या प्लमचे छोटे बाहुले विकायची. चित्रांत ती मुलं फार गोड दिसतात. गिऱ्हाइकाला स्वस्तात मिळणारी गोड वस्तू कुणाला तरी महागात पडलेली असते, हे चित्रात दिसत नाही.

असो. इतिहास पुरे, आता यंदाचं सांगते. या वर्षी मी ठरवून फक्त ३०० रुपये घेऊन गेले. रोख. मोबाइलवरून पैसे द्यायचे नाहीत असा स्वतःलाच दंडक घातला, कारण क्यूआर कोड दिसला की आपलं बजेट रबरासारखं ताणतं. बसचे जाऊन-येऊन ४०, प्रवेशाचे २०, खाण्याचे ६०. उरले १८०. म्हणजे एकच वस्तू घेता येणार. आणि गंमत म्हणजे, एकच घ्यायची म्हटल्यावर मी पहिल्यांदा नीट बघितलं.

पहिली फेरी हात खिशात घालून मारली. काही घ्यायचं नाही, फक्त बघायचं. या फेरीत एक कळतं. काही टेबलांवरचा माल घाऊक बाजारातून आणलेला असतो. वीस सांताक्लॉज, विसांच्या नाकावर रंग एकाच ठिकाणी सांडलेला. हाताच्या वस्तूत टॉलरन्स असतो राव! दोन बाहुल्यांच्या भुवया सारख्या नसतात. आणि सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे "हे कसं केलं?" असं विचारायचं. स्वतः केलेली व्यक्ती पाच मिनिटं थांबत नाही. आणलेला माल असेल तर उत्तर येतं, "घ्यायचंय का?"

हे विचारणं फुकट असतं आणि जत्रेतली निम्मी मजा त्यातच आहे. एका काकूंनी मला कुलकुल वळून दाखवलं. पिठाची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची आणि गुंडाळत आणायची, की रेघा असलेला शिंपला तयार. हे काम एकटीनं करायचंच नसतं म्हणे, सगळं घर टेबलाभोवती बसतं. मला आमच्या दिवाळीच्या करंज्या आठवल्या. कातणं माझ्या हातात आणि गप्पा सगळ्यांच्या तोंडात. एका दादाकडे पुष्कळ टोकांचा कागदी तारा होता. त्यानं सांगितलं की असे तारे जर्मनीत एका शाळेत १८३० च्या दशकात भूमितीच्या तासासाठी केले गेले. म्हणजे ज्या सॉलिड जॉमेट्रीनं आपल्याला पहिल्या वर्षी ड्रॉइंग हॉलमध्ये रडवलं, तिचा आकाशकंदील होतो! मी तिथेच मोजायला बसले. सतरा चौकोनी बुडाची टोकं, आठ त्रिकोणी बुडाची, आणि एक बाजू टांगायला मोकळी. कागद आणून रूमवर करायचा बेत आहे. ड्राफ्टर गंजत पडलाच आहे.

आता आक्षेप. माझी रूममेट म्हणते, "घासाघीस ही आपली पद्धत आहे. आपल्या आया भाजी घेताना करतात, आजी करायच्या. विकणारासुद्धा चार पैसे वाढवूनच सांगतो." बरोबर आहे. जिथे भाव मुळात फुगवून सांगितलेला असतो, तिथे मीही करते आणि करीन. पण स्वतःच्या हातानं चाळीस नग करून आणलेल्या बाईच्या भावात फुगवायला जागा किती असते? शंका असेल तर माझ्यासारखा हिशेब मांडा. दोन मिनिटांचं काम आहे. दुसरा आक्षेप : "आपल्याकडे खरंच पैसे नाहीत." हेही खरं. आपल्यातले काही जण एज्युकेशन लोनवर शिकतायत, मला माहीत आहे. पण पैसे नसणं ही लाजायची गोष्ट नाही आणि हत्यारही नाही. "फार सुंदर केलंय, आज जमत नाही," असं म्हणून पुढे गेलं तर कुणाला वाईट वाटत नाही. एका आंटीनं मला सांगितलं, कमी किंमत मागितली त्यापेक्षा "हे तर मी घरीपण करीन" असं म्हटलेलं जास्त लागतं. आणि तिसरं, शेवटच्या तासाला जाऊन स्वस्तात घेण्याचं तंत्र. केक, कुलकुल उरले असतील आणि त्या आपणहून अर्ध्या भावात देत असतील तर जरूर घ्या, त्यांनाही परत न्यायचे नसतात. क्रोशाचा तारा मात्र शिळा होत नाही.

आपल्याला आत्ता हे कळायला हवं असं मला वाटतं, कारण दोन वर्षांनी आपण कंपनीत बसून कॉस्ट रिडक्शनच्या शीटा भरणार आहोत. तेव्हा पहिला हात कुठे घालायचा, याची सवय आपल्याला आजच लागतेय. आणि पुढच्या वर्षी इंटर्नशिपला कुणी म्हणालं, "स्टुडंट आहेस, अनुभव मिळतोय ना, मग स्टायपेंड कशाला?" तर आपल्याला राग येणारच. तोच राग थोडा मागे घेऊन बघा.

रेक्टर मॅडमना एक विनंती. जत्रेच्या रविवारी इन-टाइम अर्धा तास वाढवून मिळाला तर कॅरोल शेवटपर्यंत ऐकता येतील. ते फुकट असतात.

यंदा त्या क्रोशावाल्या आंटी पुन्हा भेटल्या. त्यांना मी आठवत नव्हते, आणि का आठवावं? दिवसभरात माझ्यासारख्या किती येत असतील. ताऱ्याची किंमत आता १५० झाली होती. मी एक निवडला आणि पैसे दिले. खरं तर गेल्या वर्षीचं काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण जमलं नाही. नुसतं विचारलं, "हे कडक कसं करता?" मग त्यांनी खळीचं प्रमाण सांगितलं, टाचण्या लावून थर्माकोलवर ताणून वाळवायचं, पावसाळ्यात करायचं नाही, सगळं सांगितलं. पंधरा मिनिटं मी तिथेच होते. परत येताना खिशात ३० रुपये उरले होते.

तारा आता माझ्या टेबललॅम्पला टांगलाय. आईला फोटो पाठवला. वाटलं, किंमत विचारेल. तिचा फोन आला, म्हणाली, "छान आहे गं. मागच्या बाजूचा फोटो पाठव."

— टी. ई. मेकॅनिकल, लेडीज होस्टेल