सत्कार नको, महिनाभर गप्प बसा!

मंडळी, आज जरा भांडायलाच बसले आहे.

परवा वर्तमानपत्रात अंटार्क्टिकाहून परतलेल्या कुणाच्या तरी सत्काराचा फोटो पाहिला. शाल, श्रीफळ, गुच्छ, आणि मध्ये तो बिचारा. त्याचे डोळे मी लगेच ओळखले. डिसेंबर २०१५ मध्ये असाच एक सत्कार मी स्वतः घडवून आणला होता, माझ्या सख्ख्या भाच्याचा. तेव्हा हे भांडण आधी माझ्याशी, मग तुमच्याशी.

भाचा वर्षभर 'मैत्री'वर होता, जनरेटर सांभाळायला. 'मैत्री' हे आपलं अंटार्क्टिकावरचं १९८९ सालचं संशोधन केंद्र. तिथला उन्हाळा संपला, म्हणजे आपल्याकडचा फेब्रुवारी-मार्च आला, की जहाज निघून जातं आणि वीस-पंचवीस माणसं मागे उरतात. मग नोव्हेंबरच्या सुमारास पहिलं विमान येईपर्यंत तीच तोंडं. त्यातले जवळजवळ दोन महिने सूर्य उगवतच नाही.

आपण काय धरून चालतो? की हा हिवाळा म्हणजे शिक्षा आणि तिथून निघणं म्हणजे सुटका. "सुटला बाबा एकदाचा!" असं माझी बहीण म्हणाली, मीही म्हणाले. साफ चूक!

खरं काय ते त्याने फार उशिरा सांगितलं. जवळच्या रशियन केंद्राच्या धावपट्टीवर विमान उतरलं, नवी माणसं आली, ताजी सफरचंदं आली. "मावशी, आनंद व्हायला हवा होता गं. पण जेवायला गेलो तर माझ्या खुर्चीत कुणीतरी बसलेला. इतका राग आला की न जेवताच परत फिरलो." निघायच्या दिवशी तो जनरेटरच्या खोलीत गेला, यंत्रावर हात ठेवून उभा राहिला आणि रडला. पुढे विमानाने सहाएक तासांत केपटाऊन. तिथे रात्री ओल्या गवताचा वास आला आणि त्याचे पायच हलेनात. वर्षभरात गवत नाही, कुत्रं नाही, लहान मूल नाही, खिशात किल्ली नाही की सुटे पैसे नाहीत.

आणि अशा माणसाला घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी चारशे मुलांसमोर उभं केलं, लेझीम आणि लाउडस्पीकर लावून! तो दोन वाक्यं बोलून खाली बसला. परतताना मी रिक्षात म्हणाले, "एवढं जग बघून आलास आणि चार शब्द सुचू नयेत?" तो काही बोलला नाही. ते माझं वाक्य मला अजून टोचतं.

हे माझं हळवेपण नव्हे. जर्मनीच्या नॉयमायर केंद्रावर चौदा महिने राहिलेल्या नऊ जणांचे मेंदू शास्त्रज्ञांनी तपासले. २०१९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. स्मरणाशी आणि जागेच्या भानाशी संबंधित अशा हिप्पोकॅम्पसचा एक भाग सरासरी सात टक्क्यांनी आक्रसलेला आढळला. माणसं नऊच, हे मान्य. पण तेवढ्यावरूनही आपण जरा सबुरीने घ्यायला काय हरकत होती?

कुणी म्हणेल, स्वखुशीने गेला, पगार घेतला, मग एवढे लाड कशाला? त्यांना मी विचारते: जनरेटरचा सूर किंचित बदलला तरी झोपेतून उठवणारे कान त्याने तिथे कमावले, कारण तो बंद पडला तर थंडीत सगळ्यांच्याच जिवाशी गाठ. तेच कान घेऊन तो आपल्या लेझिमीत आला. ते काढून पेटीत ठेवता येतात का? ज्या गुणाचा आपण सत्कार करतो, त्याच गुणावर आपण कर्णा लावतो!

दुसरे म्हणतील, आता तिथे फोन असतो, संपर्क असतो. असतो ना! पण फोनवर आवाज येतो, घर येत नाही.

जाण्याआधी दिल्लीला एम्समध्ये तपासण्या होतात, औलीच्या बर्फात सराव होतो. परतीचा सराव मात्र आपल्या घरात होतो, आणि तिथले मास्तर आपण, डी.एड. न झालेले.

म्हणून सांगते. कुणी असा दीर्घ हिवाळा काढून आला तर पहिला महिना त्याला बोलावू नका. "कंटाळा नाही आला?" आणि "पेंग्विन पाहिले का?" हे दोन प्रश्न तर गिळूनच टाका. ताटात पालेभाजी वाढा, खिडकीजवळची खुर्ची त्याची म्हणून राखून ठेवा. तो तिथून निघाला, यात तो काहीतरी मागे टाकून आला आहे. आपल्याला ते दिसत नाही, म्हणून ते नसतं असं नाही.

आता भाचा आला की मी काही विचारत नाही. चहा ठेवते. मग तोच बोलतो.

असो. पटलं नसेल तर भांडा माझ्याशी, मी आहेच. पण ती शाल तेवढी महिनाभर कपाटात राहू द्या.